प्रत उघडून दाखवा, मगच सर्व्हरला हात लावा

बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतल्या ज्या ज्या शाळेत, सौहार्द संस्थेत, दवाखान्यात आणि वकिलाच्या ऑफिसात टेबलाखाली एक सर्व्हर चालू आहे, तिथल्या अध्यक्षांना, सचिवांना आणि मुख्याध्यापकांना हा जाहीर इशारा आहे. माझ्याच धंद्यातल्या, म्हणजे हे सर्व्हर उघडणाऱ्या, डिस्क बदलणाऱ्या आणि नवीन विंडोज टाकणाऱ्या पोरांनाही तो तितकाच लागू आहे. मग ती उदगीरहून येवोत, सोलापूरहून येवोत की हैदराबादहून.

31 मार्चचा हिशेब मिटला की आपल्याकडे या कामांचा हंगाम सुरू होतो. शाळांना सुट्टी लागते, संस्थांच्या काउंटरवरची गर्दी ओसरते आणि फोन येऊ लागतात. सर्व्हर हळू चालतोय, डिस्क भरली, नवीन मशीन घेतलंय, जुन्यातलं सगळं यात टाकून द्या. त्यात विंडोज सर्व्हर 2012 चे नेहमीचे सुरक्षा अपडेट 10 ऑक्टोबर 2023 ला बंद झाले, विंडोज 10 चे 14 ऑक्टोबर 2025 ला. सर्व्हर 2016 ची मुदत 12 जानेवारी 2027 ची आहे. जुनी मशीनं बदलावीच लागतील. पण ज्या पद्धतीने ती आपल्याकडे बदलली जातात, ती पद्धत या उन्हाळ्यात थांबली पाहिजे.

माझी अट अशी. 30 एप्रिलच्या संध्याकाळपर्यंत ज्या संस्थेने आपल्या बॅकअपमधल्या फाइली दुसऱ्या मशीनवर उतरवून, चार माणसांसमोर उघडून, वाचून दाखवलेल्या नसतील, त्या संस्थेच्या सर्व्हरला 1 मेपासून मी हात लावणार नाही. देखभालीचा वार्षिक करार झालेला असला तरी नाही, जुनी ओळख असली तरी नाही, दुप्पट पैसे देऊ केले तरी नाही. आणि तशाच अवस्थेत दुसऱ्या कोणाकडून काम उरकून घेतलं जातंय असं कळलं, तर त्या संस्थेच्या सभासदांना आणि त्या शाळेच्या पालकांना मी लेखी कळवीन की तुमचे कागद धोक्यात आहेत.

एवढं कडक का बोलतोय, ते ऐका.

काही वर्षांपूर्वी सीमेलगतच्या एका तालुक्याच्या गावी एका मराठी माध्यमाच्या शाळेचं काम मी घेतलं. मे महिना, वर पत्रे तापलेले, खोलीत पंखा गरम हवा फेकत होता. जुना सर्व्हर रिकामा करून त्याच्याच डिस्कवर नवीन सिस्टीम टाकायची होती. शाळेची दाखल-खारीजची सगळी रजिस्टरं त्यात स्कॅन करून ठेवलेली. मूळ रजिस्टरांना वाळवी लागली होती. स्कॅन झालंय म्हणून ती आदल्या वर्षी जाळून टाकलेली. मी विचारलं, "बॅकअप आहे का?" क्लार्क म्हणाले, "आहे की सर, परवाच घेतलाय," आणि कपाटातून एक काळी हार्ड डिस्क काढून दिली. तिच्यावर पांढरी पट्टी चिकटवलेली, पट्टीवर निळ्या पेनने सुबक अक्षरात 'दाखल-खारीज, सर्व वर्षे' असं लिहिलेलं. मी ती लावली. आत वर्षावार नावं ओळीने दिसली. मी मान हलवली आणि सर्व्हर फॉरमॅटला लावला.

नवीन सिस्टीम बसल्यावर त्या डिस्कवरच्या पहिल्या नावावर क्लिक केलं. उघडेना. दुसरं उघडेना. मग वाकून नीट पाहिलं. प्रत्येक चिन्हाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक बारीक वाकडा बाण होता आणि प्रत्येकाचा आकार एक-दोन केबी. क्लार्कने डेस्कटॉपवरचे शॉर्टकट कॉपी केले होते. डिस्कवर आली होती ती फक्त घराकडे जाणारी पाटी, आणि घर मी तासाभरापूर्वी स्वतःच्या हाताने पाडलं होतं.

सर्व्हरची डिस्क रिकव्हरीवाल्याकडे नेली. तिच्यावर नवीन सिस्टीम बसलेली असल्यामुळे तुकडे बरेच मिळाले, पूर्ण वाचता येतील अशी पानं थोडी. जूनमध्ये एक बाई मुलाला घेऊन शाळेत आल्या. त्याला कल्याण कर्नाटकातल्या राखीव जागेसाठी 371 (जे) चं प्रमाणपत्र काढायचं होतं, त्यासाठी तो इथे शिकल्याचा दाखला आणि त्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची (बीईओंची) सही हवी होती. सहीसाठी रजिस्टरचा उतारा हवा. उतारा द्यायला रजिस्टर नाही आणि स्कॅनही नाही. जुनी निकालपत्रकं धुंडाळून, दुसऱ्या गावच्या शाळेतली बदलीची नोंद मिळवून शेवटी दाखला तयार झाला, पण तोवर प्रवेशाची फेरी निघून गेली होती. बाई मला काही बोलल्या नाहीत, कारण सर्व्हर पुसणारा माणूस मीच हे त्यांना माहीत नव्हतं. मी तिथेच दाराशी उभा होतो.

त्या दिवशी चूक क्लार्कची नव्हती. त्यांना कोणी कधी शिकवलंच नव्हतं. मला येत होतं आणि मी एक फाइल उघडून पाहिली नाही. दहा सेकंदांचं काम होतं ते.

बाहेरच्या माणसाला हे शाळेच्या एका फोल्डरपुरतं वाटेल. आपल्याकडे तसं नाही. घटनेच्या 98 व्या दुरुस्तीने आलेलं कलम 371 (जे) 2013 पासून लागू झालं. त्यामुळे कल्याण कर्नाटकातल्या शिक्षणसंस्थांत 70 टक्के जागा आणि राज्य पातळीवरच्या संस्थांत 8 टक्के जागा आपल्या मुलांसाठी राखीव आहेत. ती जागा मिळवायची तर जन्माचा, राहण्याचा किंवा शिकल्याचा पुरावा लागतो. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद इकडच्या कित्येक मुलांचा तो पुरावा गावातल्या शाळेच्या एका रजिस्टरात आहे, दुसरीकडे कुठेही नाही. ते गेलं की त्या घरातलं एक मूल डॉक्टर किंवा इंजिनिअर व्हायचं राहू शकतं.

कागद हरवणं म्हणजे काय, हे सीमेवरच्या माणसाला नव्याने सांगायला नको. 1956 ला हैदराबाद राज्य मोडलं. जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर आजच्या महाराष्ट्राकडे गेले, आपण इकडे राहिलो, आणि एकाच घराण्याचे कागद सरहद्दीच्या दोन्ही अंगांना पांगले. आजही जमिनीचा वाद निघाला की उर्दूतली खासरा पाहणी वाचणारा म्हातारा शोधत माणसं फिरतात. 2023 ला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधत हैदराबादपर्यंत गेली. इतक्या वर्षांचे ते कागद शोधता आले, कारण कोण्या कारकुनाने दप्तर बांधून फळीवर ठेवलं होतं आणि नंतरच्या कारकुनांनी ते हलवलं नव्हतं. आपण आज जे दप्तर बांधतोय ते चार टेराबाइटच्या डिस्कवर आहे. तिला वाळवी लागत नाही, पण एका चुकीच्या एंटरने ती कोरी होते.

जमिनीची सरकारी पाहणी निदान राज्याच्या पातळीवर सांभाळली जाते. कर्नाटकाच्या भूमी योजनेत हाताने लिहिलेली पाहणी बंद झाली आणि कॉम्प्युटरमधली तीच खरी ठरली, तेव्हा त्यामागे एक यंत्रणा उभी केली गेली. तुमच्या संस्थेमागे कोणती यंत्रणा आहे? पिग्मी गोळा करणाऱ्या पोरीने रोज वीस-वीस रुपये जमवलेले, त्याची नोंद एका मशीनमध्ये. दवाखान्यातल्या बाळंतिणीची सोनोग्राफी एका मशीनमध्ये. वकिलाकडे तीन पिढ्यांच्या वाटणीपत्रांचे स्कॅन, तेही एकाच मशीनमध्ये.

"आमच्याकडे रेड आहे, काळजी नाही," हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. ज्याने ते शिकवलं त्याने अर्धंच शिकवलं. रेडमध्ये, म्हणजे एकत्र बांधलेल्या अनेक डिस्कमध्ये, एक डिस्क गेली तर काम चालू राहतं, एवढाच त्याचा उपयोग. फाइल चुकून पुसली तर ती सगळ्या डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. रॅन्समवेअर शिरलं तर सगळ्या डिस्क एकदमच कुलूपबंद होतात. 23 नोव्हेंबर 2022 ला दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर तसे बंद पडले आणि देशातलं एक नावाजलेलं इस्पितळ किती तरी दिवस हाताने चिठ्ठ्या लिहून चाललं. शिवाय रेडमधल्या चारही डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या असतात. त्या सारख्याच झिजतात. पाच वर्षांनी एक गेली, तुम्ही नवीन घातली, मग उरलेल्या तिघींना रात्रभर पूर्ण वेगाने वाचलं जातं. कलबुर्गीचा मे महिना, संस्थेच्या खोलीतला एसी सहाला बंद करून शिपाई घरी गेलेला. त्या रात्री दुसरी डिस्क जाते. रेड पाच असेल तर दुसरी गेली म्हणजे सगळं गेलं.

आणि घाईत चांगली डिस्क उपसणारे, खराब तशीच ठेवणारे तंत्रज्ञ मी पाहिलेत. डिस्क बाहेर काढण्याआधी तिचा सिरियल नंबर कागदावर लिहा, स्क्रीनवरच्या नंबराशी ताडून बघा, कोणती कुठल्या खणात होती ते मार्करने लिहून ठेवा. डिस्कमधून कट-कट असा आवाज येत असेल तर तिच्यावर चेकडिस्क चालवू नका. आधी तिची जशीच्या तशी प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर उतरवा, मग दुरुस्तीचं काय ते त्या प्रतिमेवर करा. मरणपंथाला लागलेल्या डिस्कला दुरुस्तीच्या नावाखाली पळवलं की जे वाचणार होतं तेही जातं.

विंडोजमधली रोबोकॉपी ही फाइली कॉपी करणारी आज्ञा वापरणाऱ्यांना वेगळं सांगतो. तिचा मिरर हा पर्याय मुक्काम उगमासारखा करतो, म्हणजे मुक्कामात जे जास्तीचं असेल ते पुसतो. उगम आणि मुक्काम यांची अदलाबदल झाली, तर नव्या रिकाम्या सर्व्हरसारखा तुमचा जुना भरलेला सर्व्हर होईल. काही मिनिटांत, एकही प्रश्न न विचारता. आधी यादी दाखवणारी कोरडी फेरी मारा, ती यादी वाचा, मगच खरी चालवा. आणि शेजारी दुसरा माणूस बसवल्याशिवाय चालवू नका.

मोठ्या ठिकाणीही हेच घडतं, म्हणून स्वतःला हुशार समजू नका. डिसेंबर 2021 मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठात महासंगणकाच्या साठ्याची निगा राखणारी एक स्क्रिप्ट पुरवठादार कंपनीने सुधारली. तिचं काम दहा दिवसांपेक्षा जुन्या नोंदी झाडून टाकणं एवढंच होतं. जुनी स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्यावर नवीन ठेवली गेली. अर्ध्यातून नवीन मजकूर वाचला गेला, त्यातला कुठलं फोल्डर साफ करायचं हे सांगणारा शब्द रिकामा राहिला, आणि साफसफाई संशोधकांच्या फाइलींवर फिरली. सुमारे 3 कोटी 40 लाख फाइली, 77 टेराबाइट, 14 संशोधन गटांचं काम. त्याच वर्षी अमेरिकेत डॅलसच्या पोलीस खात्यात फाइली एका साठ्यातून दुसऱ्यात हलवताना प्रत पोहोचली की नाही हे न पाहता मूळ पुसलं गेलं, आणि कित्येक टेराबाइट पुरावे कायमचे गेले. माझ्या शाळेतली आणि त्यांची चूक एकाच जातीची आहे.

जवळचं हवं असेल तर 2013 आठवा. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा पूर्वपरीक्षा 7 एप्रिलला होती. ऐन तोंडावर उमेदवारांनी ऑनलाइन भरलेली माहिती गेली, लाखो मुलांना ती पुन्हा भरावी लागली, परीक्षा मे महिन्यावर ढकलली. पुण्यात खोली भाड्याने घेऊन अभ्यास करणाऱ्या मुलांचा तो एकेक महिना कोणाच्या खिशातून गेला, हे आपल्या घरांना ठाऊक आहे.

आता जे पुसलं न जाताही जातं, त्याबद्दल. आपल्या संस्थांत जुना कन्नड मजकूर नुडी फॉन्टात आहे, मराठी श्रीलिपीत किंवा आयएसएममध्ये. ते युनिकोड नाही. जुन्या मशीनवर तो फॉन्ट आहे म्हणून ठराव वाचता येतो. मशीन बदललं, फॉन्ट आणला नाही, की 1998 चा ठराव म्हणजे इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांगोळी. फाइल शाबूत, आकार तेवढाच, आणि वाचता कोणालाच येत नाही. जुन्या पद्धतीने झिप केलं तर देवनागरीत नाव दिलेल्या फाइलींची नावं प्रश्नचिन्हं होऊन येतात. फोल्डरात फोल्डर करून नाव फार लांब झालं असेल तर जुनी कॉपी करणारी सॉफ्टवेअरं ती फाइल गुपचूप सोडून देतात. म्हणून जुनं मशीन चालू असतानाच त्या फाइली पीडीएफ करा, फॉन्टच्या फाइली आणि त्यांच्या सीडी जपा.

डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरची किल्लीही अशीच. मदरबोर्ड बदलला, बायोस अपडेट केला, की मशीन अठ्ठेचाळीस आकडे मागतं. ते आकडे सोडून गेलेल्या ऑपरेटरच्या खाजगी ईमेलवर असतील, तर डिस्क तुमच्या हातात असूनही तुमची नाही. टॅलीचा डेटा नव्या आवृत्तीत एकदा चढवला की जुन्या आवृत्तीत उघडत नाही, म्हणून चढवण्याआधीची प्रत वेगळी ठेवा. हिशेबाच्या फाइली चालू असताना कॉपी करू नका. सगळ्यांना बाहेर पडायला सांगा, सर्व्हिस थांबवा, मग घ्या.

आणि प्रत त्याच खोलीत ठेवू नका. 26 सप्टेंबर 2025 ला दक्षिण कोरियाच्या डेजॉन शहरात सरकारी डेटा केंद्रात यूपीएसच्या बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइलींचा 858 टेराबाइटचा साठा जळाला. तो फार मोठा आहे म्हणून त्याची बाहेर प्रत ठेवलेली नव्हती. आपल्या बिदरमध्ये महमूद गवानचा मदरसा आहे, 1472 चा. तिथल्या ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखितं होती असं सांगतात. पुढे त्याच विद्येच्या वास्तूत दारूगोळा साठवला गेला, सतराव्या शतकाच्या अखेरीस त्याचा स्फोट झाला आणि दर्शनी बाजूचा मोठा भाग एका मिनारासह कोसळला. शाळेची सहल तिथे नेता ना? परत आल्यावर आपला सर्व्हर इन्व्हर्टरच्या बॅटरीला किती चिकटून ठेवलाय ते बघा.

चाचणी कशी घ्यायची ते सांगतो, त्याला माझ्याकडे पळवाट नाही. तीन प्रती हव्यात: एक चालू सर्व्हरवर, एक काढून बाजूला ठेवलेल्या डिस्कवर, एक दुसऱ्या इमारतीत किंवा दुसऱ्या गावात. बाजूची डिस्क कामापुरतीच जोडायची, एरवी तिला वायर नको. ज्या दिवशी सर्व्हरचं काम, त्या दिवशी बाजूची डिस्क वेगळ्या मशीनला लावायची. फाइलींची संख्या आणि एकूण आकार मुळाशी जुळले पाहिजेत, हॅश (फाइलीच्या मजकुरावरून निघणारा ठसा) काढून ताडता आले तर उत्तम. मग पाच फाइली उघडायच्या आणि त्या तंत्रज्ञाने निवडायच्या नाहीत, संस्थेच्या माणसाने निवडायच्या. सगळ्यात जुनी, कालची, सगळ्यात मोठी, एक देवनागरी नावाची, एक कन्नड मजकुराची. शेवटच्या पानापर्यंत जायचं. कागदावर तारीख, वेळ, डिस्कचे नंबर आणि दोन सह्या. त्यानंतरच जुन्या मशीनला हात. जुन्या डिस्क काम झाल्यावर पुसायच्या नाहीत, विकायच्या नाहीत, दुसऱ्या मशीनमध्ये घालायच्या नाहीत. पाकिटात घालून सील करून 90 दिवस कपाटात.

आणि स्कॅन झालं म्हणून मूळ रजिस्टर जाळणं आजपासून बंद. ज्या मुख्याध्यापकांनी यंदा तसा बेत केला असेल त्यांनी तो रद्द करावा. वाळवी लागली असेल तर औषध मारा, पेटी बदला.

खर्चाचं कारण माझ्यासमोर कोणी सांगू नये. दोन बाहेरच्या हार्ड डिस्कचा खर्च संस्थेच्या वार्षिक सभेच्या जेवणाहून कमी येतो. वेळ नाही असंही सांगू नये. प्रत घ्यायला रात्र लागते, उघडून बघायला अर्धा तास.

माझ्या धंद्यातल्या मित्रांनो, "साहेब म्हणाले बॅकअप आहे" हे उत्तर यापुढे चालणार नाही. साहेबांना माहीत नसतं. फॉरमॅटचं बटण तुमच्या बोटाखाली असतं. सही घेतल्याशिवाय काम करू नका. काम गेलं तर जाऊ द्या, मी माझं एक काम तुम्हाला देईन.

ज्यांना ही चाचणी कशी घ्यायची ते कळत नाही, त्यांच्याकडून एप्रिलभर मी एक रुपयाही घेणार नाही. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण, आळंद, जिथून निरोप येईल तिथे येईन. त्या दिवशी सचिव हजर हवेत, मुख्याध्यापक हवेत, कपाटाची किल्ली हवी. आणि क्लार्कला सोबत बसवा. डिस्कवरची पट्टी त्यांनी लिहिलेली असते, पहिली फाइल त्यांच्याच हाताने उघडू द्या.